दाढीच्या ब्रशचा झुबका सुटला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दाढीच्या ब्रशचे भाग दोनच: मूठ आणि केसांचा झुबका. ऑनलाइन विकणारे झुबक्याला नॉट म्हणतात. झुबक्याच्या बुडाशी सगळे केस गोंदात एकत्र बांधलेले असतात आणि त्याचं एक टणक बूच तयार झालेलं असतं. हे बूच मुठीतल्या खोबणीत चिकटवतात. ब्रश "सुटतो" तेव्हा बहुतेक वेळा हा शेवटचा जोडच गेलेला असतो. केस चांगले, मूठ चांगली, मधला गोंद तेवढा मेलेला. असा ब्रश फेकून देणं हा त्याच्यावर अन्याय आहे. पाव चमच्याहून जरा जास्त गोंद आणि थोडा धीर एवढ्यावर तो आणखी कित्येक वर्षं चालतो.

इथली सगळी उत्तरं गोव्याची हवा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. पुण्या-सोलापूरकडे एका रात्रीत होणारं काम इथे जुलै महिन्यात चार दिवस मागतं. ते चार दिवस दिले नाहीत तर दुरुस्ती टिकत नाही.

नेमकं काय सुटलंय हे कसं ओळखायचं?

कोरडा ब्रश हातात घ्या. एका हाताने मूठ धरा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीने झुबका अगदी बुडाशी, मुठीच्या कडेला लागून धरा. टोकाकडून धरू नका, तिथे केस नुसतेच वाकतात आणि काही कळत नाही. आता बरणीचं झाकण फिरवतो तसा हलकेच पीळ द्या.

सगळा झुबका एकसंध फिरला किंवा डुलला तर जोड सुटला आहे. सोपी दुरुस्ती. झुबका घट्ट आहे पण चिमटीत दरवेळी आठ-दहा केस मुळासकट येतात, तर बुचातला गोंद गेला आहे. ती वेगळी गोष्ट, खाली पाहा. आणि झुबका कडेच्या पट्टीसकट हलत असेल तर तो बहुधा स्वस्त प्लास्टिकचा ब्रश आहे. त्यात केस एका टोपीसारख्या कडीत बसवलेले असतात आणि ती कडी मुठीत दाबून किंवा आट्यांवर फिरवून बसवतात. ती आधी उलट फिरवून पाहा, गोंदाची गरजच पडणार नाही कदाचित.

मुठीच्या कडेला उभी चीर आहे का तेही उजेडात बघून घ्या. चिरलेल्या मुठीत नवा गोंद भरला तरी पाणी त्या चिरेतून आत जातच राहतं.

मुळात जोड सुटतो कशामुळे?

पाण्यामुळे. ब्रश पडला, मुलांनी ओढला ही निमित्तं असतात. कारण आधीच आत शिरलेलं असतं.

होतं असं: कडेला झुबका आणि मूठ यांच्यात केसाएवढी फट असते. रोज साबणाचं पाणी त्यातून खाली उतरतं. लाकडी मूठ असेल तर खोबणीच्या भिंती फुगतात, मग वाळताना आकसतात. गोंद मात्र फुगत नाही की आकसत नाही. रोजच्या या ओढाताणीत तो भिंतीपासून पापुद्र्यासारखा सुटतो. धातूच्या मुठीत लाकडासारखं फुगणं नसतं, पण गुळगुळीत भिंतीला गोंदाची पकड मुळातच कमी असते आणि गरम पाण्याने धातू लगेच तापून पसरतो. यात दोन सवयी भर घालतात. एक, ब्रश उकळत्या पाण्याच्या मगात दहा मिनिटं बुडवून ठेवणं. साध्या तापमानाला घट्ट होणारे बहुतेक इपॉक्सी गोंद साठेक अंशांपुढे मऊ पडू लागतात. दुसरी, गालावर ब्रश दाबून गोल गोल घुसळणं. त्याने झुबका तरफेसारखा कडेवर उचलला जातो.

अर्धवट सुटलाय, तसाच वरून गोंद सोडला तर चालेल?

नाही. फटीत साबणाचा चिकट थर असतो, ओल असते आणि जुन्या गोंदाचा भुगा असतो. वरून सोडलेला गोंद त्या भुग्याला चिकटतो, भिंतीला नाही. शिवाय फटीत जाण्याऐवजी केसांत चढण्याची शक्यताच जास्त. झुबका पूर्ण बाहेर काढा.

बाहेर काढायचा कसा? एका बाजूने अजून घट्ट आहे.

झुबक्याच्या बुडाभोवती जाड सुती फडकं गुंडाळा, घट्ट धरा आणि ओढण्याआधी पीळ द्या. डावीकडे थोडा, उजवीकडे थोडा, पुन्हा डावीकडे. बहुतेक झुबके दोन-तीन मिनिटांत "कट्" आवाज करून सुटतात. नुसतं सरळ ओढलं तर बूच आतच राहून केस हातात येऊ शकतात.

तरी निघत नसेल तर ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि काढल्या काढल्या पीळ द्या. मूठ, गोंद आणि बूच वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, त्यात उरलेली पकड सुटते. लाकडाच्या मुठीला हा उपाय फक्त पूर्ण वाळल्यावर करा. ओलं लाकूड फ्रीझरमध्ये चिरतं.

पितळी किंवा स्टीलची मूठ असेल तर ऊब जास्त कामाची. समान भाग उकळतं पाणी आणि नळाचं पाणी मिसळलं की ते साधारण ६० ते ६५ अंशांवर येतं, थर्मामीटर लागत नाही. त्यात मूठ कडेपर्यंत उभी बुडवा, केस पाण्याच्या वर राहू देत. दहा मिनिटांनी बाहेर काढून फडक्यात धरून पिळा. लाकूड, हस्तिदंत, सेल्युलॉइड (जुन्या काळचं प्लास्टिक) यांना ही पद्धत लावू नका.

शेवटचा मार्ग म्हणजे केस कापून बूच ड्रिलने खरवडून काढणं. झुबका जातो, मूठ वाचते. नवा झुबका घ्यायचाच असेल तरच.

कोणकोणतं सामान जमवून ठेवू?

दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद, म्हणजे अराल्डाइट किंवा तसलाच दुसरा. ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, प्रत्येकी एक चौकोन. प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप. एक रबर बँड, टूथपिक, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, स्पिरिट, हातमोजे. मोजायला व्हर्नियर असेल तर उत्तम, नसेल तर स्टीलची पट्टी. म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात हे मिळतं आणि निम्मं घरातच निघेल.

हातमोजे टाळू नका. कच्चा इपॉक्सी काहींच्या त्वचेला खाज आणतो, आणि एकदा ती ॲलर्जी जडली की पुढे प्रत्येक वेळी येते.

कुठला गोंद वापरू? फेविक्विक चालेल का?

या कामासाठी नको. तो पाण्यासारखा पातळ असतो, त्यामुळे फट भरत नाही आणि केसांतून वातीतल्या तेलासारखा वर चढतो. वाळल्यावर ठिसूळ होतो आणि रोजच्या गरम पाण्यापुढे फार दिवस टिकत नाही. पांढरा फेविकॉल पाण्याने मऊ पडतो. ग्लू गनचा गोंद तर गरम पाण्यानेच सुटतो, त्याचा विचारही करू नका.

हळू घट्ट होणारा इपॉक्सी सर्वांत भरवशाचा. पाच मिनिटांत धरणारा प्रकारही मिळतो. पण एकतर त्याची पाण्यापुढची ताकद तुलनेने कमी, आणि मे महिन्याच्या उकाड्यात तुम्ही झुबका सरळ करेपर्यंत तो दगड झालेला असतो. पहिल्यांदा करणाऱ्याने हळूवालाच घ्यावा.

सिलिकॉन सीलंट हा तिसरा पर्याय. त्याची पकड कमी, पण तो रबरासारखा लवचिक राहतो आणि पुढेमागे झुबका काढायचा झाला तर सहज सुटतो. वेगवेगळे झुबके बसवून बघायचे असतील तर सिलिकॉन बरा. पितळी मुठीला मात्र व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका, त्यातलं आम्ल पितळ खातं. न्यूट्रल लिहिलेली नळी मागा.

एम-सील, म्हणजे कणकेसारखा मळून लावायचा इपॉक्सी, झुबका चिकटवायला नको, खोल खोबणीचा तळ भरायला मात्र छान. ते पुढे आलंच आहे.

चिकटवण्याआधी झुबका आणि मूठ वाळवायची किती दिवस? वाळलाय हे कळणार कसं?

साऱ्या दुरुस्तीतला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि सर्वांत कमी विचारला जातो.

नोव्हेंबर ते मार्च: झुबका आणि मूठ वेगवेगळे ठेवून पंख्याखाली दोन दिवस. लाकडी मूठ असेल तर तीन. जून ते सप्टेंबर: नुसत्या हवेवर विसंबू नका. ज्या हवेत मीठ सादळतं, पापड मऊ पडतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, त्या हवेत मुठीचं लाकूड कधीच पुरतं कोरडं होत नाही. हवाबंद डबा घ्या, तळाला सिलिका जेलच्या पुड्या पसरा, नव्या बुटांच्या खोक्यात येतात तसल्या. एक लिटरच्या डब्याला ४०-५० ग्रॅम सिलिका हवी, म्हणजे दोन-चार चिमुकल्या पुड्यांनी भागत नाही. वर झुबका आणि मूठ ठेवून झाकण लावा आणि चार दिवस विसरून जा. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय सगळेच सांगतात. पावसाळ्यात तांदूळ स्वतःच दमट असतो, तो ओढणार काय.

कळण्याची खूण वजन. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा असेल तर मूठ रोज एकदा तोला. समजा पहिल्या दिवशी ४१.६ ग्रॅम भरली, दुसऱ्या दिवशी ४०.९, तिसऱ्या दिवशी ४०.७ आणि चौथ्या दिवशी पुन्हा ४०.७. आकडा दोन दिवस हलला नाही की ओल गेली. काटा नसेल तर झुबका बुडाशी गालाला लावून बघा. गार लागला तर आत अजून पाणी आहे.

उन्हात ठेवू नका. केस कडक होतात आणि लाकूड एका बाजूने तडकतं.

खोबणीतला जुना गोंद कसा काढू?

आधी छोट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने सुटे पापुद्रे काढा. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर पेन्सिलीभोवती गुंडाळून खोबणीच्या भिंती आतून घासा आणि शेवटी तळ. आरशासारखं गुळगुळीत करायचं नाही, उलट भिंतीवर बारीक ओरखडे दिसले पाहिजेत, गोंद त्यांनाच धरतो. सगळा जुना गोंद गेलाच पाहिजे असं नाही. जो नखाने हलत नाही तो राहू द्या, फक्त त्याची चमक मारून टाका.

झुबक्याच्या बुचालाही तेच. पण आधी केस वाचवा: बुचाच्या वर पाचेक मिलिमीटर अंतरापासून टेफ्लॉन टेप घट्ट गुंडाळत टोकापर्यंत न्या आणि रबर बँड लावा. झुबका मेणबत्तीसारखा दिसला की बरोबर. मग बुचाच्या कडा १२० च्या पेपरने खरबरीत करा. बूच तासून बारीक करायचं नाही, नाहीतर केस धरून ठेवणारा गोंदच निघून जाईल.

शेवटी कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन दोन्ही पुसा आणि अर्धा तास उडू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, बऱ्याच प्लास्टिकच्या मुठी त्यात विरघळतात. आणि मूठ लाखेची असेल तर स्पिरिटही नको.

खोबण फार खोल आहे किंवा झुबका त्यात खुळखुळतो. काय करू?

गोंद मिसळायच्या आधी कोरडा झुबका खोबणीत ठेवून बघाच. बुचाच्या डोक्याला, जिथून केस सुरू होतात तिथे, गोंदाचा थोडा फुगवटा असतो. हा फुगवटा कडेच्या किंचित खाली, एखादा मिलिमीटर आत गेला पाहिजे. वर उघडा राहिला तर वाईट दिसतो आणि पाणी थेट जोडावर जातं. झुबका फार आत गेला तर केसांची मोकळी उंची कमी होते आणि ब्रश झाडूसारखा ताठ लागतो. इथे दोन मिलिमीटरचा फरकही गालाला जाणवतो.

खोबण खोल असेल तर तळाला एम-सीलची चकती दाबून बसवा. समजा खोबण १६ मिमी खोल आहे आणि बूच ११ मिमी उंच. फुगवटा १ मिमी आत हवा, म्हणजे १२ मिमी खोली पुरे, तळाला ४ मिमी भर घालायची. चकती सपाट दाबा, पूर्ण घट्ट होऊ द्या, मग पुढचं काम.

रुंदीत प्रत्येक बाजूला अर्धा ते एक मिलिमीटर फट आदर्श, गोंदाला तेवढी जागा लागतेच. त्याहून जास्त असेल तर बुचाभोवती सुती दोरा सारख्या अंतराने गुंडाळा आणि तो इपॉक्सीने भिजवा. झुबका आपोआप मधोमध बसतो. कागदाच्या घड्या कोंबू नका, त्या पाणी धरतात.

आता चिकटवण्याची पद्धत सांगा.

दुपारची वेळ निवडा, पावसाळ्यात तर नक्कीच, त्या वेळी हवेतली ओल त्या मानाने कमी असते. मूठ एका वाटीत कच्च्या तांदळात किंवा वाळूत अशी रोवा की ती ओळंब्यात उभी राहील.

गोंद किती? नेहमीच्या मापाचा हिशेब असा: २३ मिमी व्यासाची, १२ मिमी खोल खोबण म्हणजे सुमारे ५ मिली जागा. त्यात २१.५ मिमी व्यासाचं, १० मिमी उंच बूच ३.६ मिली व्यापतं. उरली १.४ मिली. म्हणजे दोन्ही नळ्यांतून मिळून दीड मिली गोंद भरपूर झाला, आणि नवशिके नेमके इथेच दुप्पट घालतात. जुन्या लादीच्या तुकड्यावर दोन्ही नळ्यांतून सारख्या लांबीच्या रेषा काढा आणि टूथपिकने तीन मिनिटं मिसळा. जोरात फेटू नका, बुडबुडे धरतात. रंग सगळीकडे एकसारखा झाला, रेघा दिसेनाशा झाल्या की झालं. प्रमाण चुकलं तर गोंद कायम रबरासारखा राहतो. "हार्डनर थोडा जास्त घातला की लवकर धरतो" हा समज खोटा आहे.

खोबणीच्या भिंतींच्या खालच्या अर्ध्या भागाला गोंदाचा पातळ हात फिरवा आणि तळाला वाटाण्याएवढा थेंब ठेवा. वरचा अर्धा भाग कोरडाच राहू द्या. झुबका खाली गेला की गोंद आपोआप वर चढतो. बुचाच्या कडेलाही अगदी पातळ हात द्या. आता झुबका आत ठेवा आणि हळूहळू, पाव-पाव वळसा देत दाबा. कडेला सुईएवढी गोंदाची रेघ दिसली की थांबा. जास्तीचा गोंद लगेच कोरड्या काडीने टिपा, मग स्पिरिटच्या काडीने कड पुसा.

चारी बाजूंनी फिरवून झुबका सरळ आहे का बघा, तिरका बसला तर आताच दुरुस्त होईल. ब्रश केस वर ठेवूनच वाळवा. केस खाली ठेवले तर गोंद ओघळून केसांत जातो.

दाबून ठेवला तरी झुबका हळूहळू वर येतो. का?

खाली हवा कोंडली आहे. बूच पिचकारीच्या दट्ट्यासारखं वागतं. पाच मिनिटांनी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा थोडा फिरवत दाबा. तरी ऐकत नसेल तर झुबका बाहेर काढा, बुचाच्या बाजूला वरपासून खालपर्यंत पट्टीच्या धारेने एक बारीक उभी खाच पाडा, हवेला वाट होते. मग वर पुठ्ठ्याची नळी ठेवून तिच्यावर एखादं हलकं पुस्तक ठेवलं की काम भागतं. नळी बुचाच्या कडेवर टेकली पाहिजे, केसांच्या टोकांवर भार नको.

गोंद केसांत गेला. आता?

ओला असेल तर लगेच स्पिरिटने भिजवलेल्या काडीने बुडाकडून टोकाकडे पुसा, दरवेळी नवी काडी. वाळला असेल तर तेवढे केस कायमचे ताठ झाले. ते मुळाशी छोट्या कात्रीने कापून टाका. पंधरा-वीस केस गेल्याने ब्रशला काही होत नाही. झुबक्याच्या मधोमध खडा झाला असेल तर तो मात्र दाढी करताना टोचतो आणि त्यावर इलाज नाही.

दुसऱ्या दिवशी गोंदावर चिकट, तेलकट पापुद्रा आहे. फसला का?

बहुतेक नाही. दमट हवेत इपॉक्सीतला हार्डनर हवेतल्या ओलीशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो आणि वर मेणचट थर येतो. गोव्यात पावसाळ्यात हे नेहमीचं आहे. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने तेवढी कड पुसून घ्या. खाली नखाने खूण पडत नसेल तर गोंद उत्तम धरला आहे. खूण पडत असेल तर प्रमाण चुकलं किंवा नीट मिसळलं नाही, आणि सगळं पुन्हा करावं लागेल.

मग वापरायला कधी सुरुवात करू?

२४ तास हात लावू नका. ४८ तासांनी साध्या पाण्याने चालेल. गरम पाणी आठवड्यानंतर.

झुबका घट्ट आहे पण केस गळतात.

नवा ब्रश पहिले दोन-तीन आठवडे थोडे केस सोडतो, ते सुटे राहिलेले असतात. त्यानंतरही दर दाढीला पाच-सात केस येत असतील तर बुचातली पकड सैल झाली आहे. मध्ये गोंदाचे थेंब सोडून थांबवण्याचा प्रयत्न लोक करतात. त्याने गळणं काही दिवस थांबतं आणि ब्रश मध्यभागी टणक होतो. आमच्या मते नवा झुबका बसवणंच योग्य.

नवा झुबका कुठल्या मापाचा, कुठल्या केसांचा घेऊ?

विकणारे दोन आकडे देतात: बुडाचा व्यास आणि केसांची उंची. खोबणीचा व्यास मोजा आणि त्यातून एक मिलिमीटर वजा करा. २५ मिमीची खोबण असेल तर २४ चा झुबका. उंची ५० ते ५२ मिमी बहुतेकांना सोयीची. विक्रेत्याने दिलेली उंची बुचासह आहे की मोकळ्या केसांची, हे विचारूनच मागवा, कारण याच ठिकाणी सगळे फसतात.

केसांबद्दल: डुकराचे केस ताठ, साबण छान काढतात, पण पाणी पितात आणि सावकाश वाळतात. बॅजर नावाच्या प्राण्याचे मऊ, पाणी खूप धरतात, महाग. सिंथेटिक धागे पाणी शोषतच नाहीत, झटकले की काही तासांत कोरडे. किनाऱ्याजवळच्या दमट घरात रोज वापरायला आम्ही बेधडक सिंथेटिक सुचवतो. पूर्वीच्या सिंथेटिकसारखे हल्लीचे धागे खरखरीत राहिलेले नाहीत.

लाखकामाची मूठ आहे. करवंटीची असेल तर?

कुंकळ्ळीच्या किंवा सावंतवाडीच्या कातकामावर लाखेचा हात असतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, एकच थेंब रंगावर धुरकट डाग पाडतो, आणि गरम पाण्याने ती मऊ पडते. अशी मूठ असेल तर बाहेरून सगळीकडे कागदी चिकटपट्टी लावून घ्या आणि कडेचा गोंद फक्त कोरड्या फडक्याने टिपा. लाकडाच्या आतल्या बाजूला लाख नसते, म्हणून झुबका बसवायच्या आदल्या दिवशी खोबणीच्या आत इपॉक्सीचा पातळ हात देऊन सुकवा आणि दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर मारून झुबका बसवा. एवढ्याने लाकूड पाणी पिणं थांबतं आणि जोडाचं आयुष्य वाढतं.

करवंटीची भिंत पातळ असते, तिच्यात खोबण पाडता येत नाही. आत फणसाच्या किंवा सागाच्या लाकडाचा ठोकळा बसवून त्यात खोबण घ्यावी लागते. कातारी, म्हणजे लाकूड कातणारा कारागीर, हे काम करून देतो. त्याला "ब्रशसाठी भोक" एवढंच न सांगता "व्यास २५, खोली १२, तळ सपाट" असं लिहून द्या. टोकदार ड्रिलने तळ शंकूसारखा होतो आणि झुबका डुलतो.

घरातल्या जुन्या पेटीत आजोबांचा, पणजोबांचा ब्रश सापडला. दुरुस्त करून वापरू का?

मूठ जरूर वाचवा. केसांचा मात्र विचार करा. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर काही वर्षं इंग्लंड-अमेरिकेत घोड्याच्या केसांच्या, नीट निर्जंतुक न केलेल्या दाढीच्या ब्रशांमधून अँथ्रॅक्स (जनावरांपासून माणसाला होणारा जीवघेणा रोग) झाल्याच्या नोंदी आहेत. त्या जंतूंचे बीजाणू साबणाने मरत नाहीत आणि फार वर्षं टिकतात. धोका आज अगदी थोडा, पण १९३० च्या आधीचे जनावराचे केस तोंडाला न लावलेले बरे. तो झुबका कोरडा घासू नका, ओला करून काढा, पिशवीत बांधून टाका आणि नवा बसवा.

मूठ अंगठ्याने जोरात घासल्यावर कापरासारखा वास आला तर ती सेल्युलॉइडची. तिच्याजवळ आच, गरम पाणी, स्पिरिट काहीच नको, ती भडकन पेटते. पांढऱ्या मुठीच्या बुडाला एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत असू शकतो. गरम पाण्याने तो चिरतो. शिवाय भारतात हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे, तेव्हा तो विकायच्या भानगडीत पडू नका.

पुन्हा सुटू नये म्हणून पावसाळ्यात काय करू? टांगून ठेवावा का?

केस भिजवा, मूठ नको. पाणी हाताला सोसवेल इतपतच गरम. दाढी झाल्यावर साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा, केस हातात धरून पिळा, तीनदा झटका, पंच्यावर पुढेमागे फिरवा.

टांगावा की उभा ठेवावा यावर लोक फार वाद घालतात. फरक थोडा आहे. खरा फरक जागेचा पडतो. न्हाणीतल्या आरशामागच्या बंद कपाटात ठेवलेला ब्रश टांगा नाहीतर उभा करा, तो कुजणारच. बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) किंवा खिडकीशी, वाऱ्याला पण पावसाच्या झडीपासून दूर ठेवा. दोन ब्रश आलटून पालटून वापरणं सर्वांत उत्तम, प्रत्येकाला पूर्ण दिवस मिळतो.

कुबट वास येतो, बुडाशी काळे ठिपके आहेत.

बुरशी आहे. एक भाग व्हिनेगर, पाच भाग कोमट पाणी, त्यात केस पाच मिनिटं, मूठ बाहेर. मग भांड्याच्या साबणाच्या दोन थेंबांनी धुवा आणि सिलिकाच्या डब्यात वाळवा. ठिपके बुचावर, म्हणजे केसांच्या मुळाशी असतील आणि पुन्हा येत असतील तर झुबका बदला.

सगळं केलं, तरी दोन महिन्यांत पुन्हा सुटला.

बुचाकडे बघा. गोंद बुचाला चिकटून आला आणि खोबण स्वच्छ, तर भिंत ओली होती किंवा गुळगुळीत राहिली होती. गोंद खोबणीत राहिला आणि बूच स्वच्छ, तर बुचावर साबणाचा थर होता. दोन्हीकडे अर्धा-अर्धा आणि मध्ये भुसभुशीत, तर मिश्रण चुकलं. ज्या बाजूने गोंद सुटला ती बाजू पुन्हा पॉलिश पेपरने खरबरीत करा, डब्यात चार दिवस ठेवा आणि नवा गोंद भरा.